गंजाखालचा नंबर

निवृत्त माणसाला सकाळी आठ ते बारा या वेळात बसायला एक खुर्ची लागते. पेन्शन, गुडघे, नातवंडं यांवर सगळे बोलतात. खुर्चीचा विषय कुणी काढत नाही. माझ्या बायकोने, आर्डिसने, मात्र तो काढला. ड्राय फोर्कच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवून मी निवृत्त झालो आणि दुसऱ्याच सोमवारी तिने माझा कोट आणून माझ्या हातात दिला.

"बाहेर थंडी आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच कोट दिला. बारा वाजता ये. सकाळी माझ्या पियानोच्या शिकवण्या असतात, एल्मर, आणि तू पोरांच्या मागे उभा राहून उसासे टाकतोस."

हा निव्वळ आरोप होता. मी श्वास घेत होतो. चुकीचा सूर कानावर पडला की माणसाचा श्वास जरा लांबतो, एवढंच.

ड्राय फोर्क हे मोंटानातलं असं गाव आहे की जिथे घराबाहेर काढलेल्या नवऱ्याला जायला एकच ठिकाण आहे: वांडाचं हॉटेल. तिथे काउंटरला लागून उंच स्टुलं आहेत. स्टुलाला पाठ नसते. दार उघडलं की कॅनडातून निघालेला वारा मधे कुठेही न थांबता थेट तुमच्या मानेत शिरतो. शिवाय तोंडासमोर ॲपल पाय आणि गोडधोडाचं काचेचं कपाट, आणि डॉक्टरांनी मला साखर बंद केलेली. थोडक्यात, पुढून मोह आणि मागून शिक्षा.

आणि आत, शेगडीशेजारी, खिडकीपाशी, एक गोल टेबल होतं. खुर्च्या सहा, माणसं पाच. सहाव्या खुर्चीवर टोप्या.

या टेबलाचा नियम गावात लहान मुलालाही ठाऊक होता. ज्याच्याकडे अठराशे अठ्ठ्याण्णवच्या अखेरीपर्यंत बनलेली लिव्हरवाली रायफल असेल, त्यानेच तिथे बसायचं. लिव्हरवाली म्हणजे घोड्याखालची लोखंडी कडी खाली-वर केली की गोळी आत चढते, ती. सरकारचा कायदाही तीच तारीख धरतो. एकतीस डिसेंबर अठराशे अठ्ठ्याण्णवला संध्याकाळी तयार झालेली रायफल ही पुराणवस्तू. आणि त्याच कारागिराने त्या रात्री जरा जास्त घेऊन दुसऱ्या दिवशी डोकं धरून बनवलेली, ती नुसती बंदूक.

टेबलाचा अध्यक्ष डेल्मर हाउगे. आधी डेप्युटी शेरीफ, आणि त्याच्याही आधी माझ्या पहिल्यावहिल्या वर्गात शेवटच्या बाकावर. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज विचारली तर "कुठल्या त्रिकोणाच्या?" असं विचारणारा. त्याच्या उजव्या हाताला ऑरिन पासेक, जनावरांचा निवृत्त डॉक्टर. तोही माझाच विद्यार्थी. पास झाला, पण त्याची आणि पुढच्या बाकावरच्या मुलीची चूक नेहमी एकच असायची.

एकदा मी धीर करून त्या सहाव्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"सर," डेल्मर अदबीनं म्हणाला, "ती टोप्यांची आहे."

"टोप्यांकडे अठराशे अठ्ठ्याण्णवच्या आतली रायफल आहे का रे?"

"नाही. पण टोप्या कुणाची वाक्यं दुरुस्त करत नाहीत."

मी स्टुलावर परत गेलो. ज्यांना मी नापास केलं त्यांनी मला नापास केलं होतं, आणि तेही फेरपरीक्षेची सोय न ठेवता.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, एक जुनी रायफल मिळवावी. पण इथल्या घरांत ती मिळवत नाहीत, ती असते. स्वयंपाकघराच्या दारामागे, झाडूच्या शेजारी, आजोबांपासून उभी असते. मी मिनेसोटातून आलेला. चाळीस वर्षंच झाली, त्यामुळे अजून नवाच. वडिलांनी मला वारशात एक अकॉर्डियन ठेवला, तोही एका बाजूनं फाटलेला.

तेव्हा मी लिलावाला गेलो. बेंच क्रीकच्या एका जुन्या रँचचं सामान निघालं होतं. तिथे एक रायफल होती. पण लिलाववाल्याने ती, एक सॉसेज भरायचं यंत्र आणि पेंढा भरलेला एक बॅजर, अशी तिन्हींची मिळून एक जोडी केली होती. तीन वस्तूंची जोडी होत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "घ्यायचीय की शिकवायचंय?" मी घेतली.

आर्डिसने दारातच अडवलं. "बंदूक समजू शकते. यंत्रही समजू शकते. हा प्राणी कोण?"

बॅजर पियानोवर गेला. त्याला एकच डोळा होता आणि तो नेमका वाजवणाऱ्याच्या बोटांवर रोखलेला असायचा. मुलांच्या चुका निम्म्यावर आल्या. याचं श्रेय मला अजून मिळालेलं नाही.

रायफल मी पलंगावर ठेवून पाहिली. खरं सांगायचं तर ती रायफल नव्हती. रायफलच्या आकाराचा गंज होता. मॉडेल चौऱ्याण्णवचं आहे हे मलाही ओळखता येत होतं, कारण या जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाला पाळण्यात खुळखुळा देतात आणि मग चौऱ्याण्णव देतात. पण हे मॉडेल कारखान्याने कित्येक दशकं बनवलं, सगळी सारखीच दिसतात. कुठल्या साली बनली ते कळतं फक्त नंबरावरून, आणि नंबर असतो पोटाखाली. माझ्या रायफलच्या पोटाखाली नंबराच्या जागी पावाच्या सालीसारखा जाड थर होता.

"घासली की दिसेल," मी वांडाच्या हॉटेलात सहज म्हणालो.

गोल टेबलावर पाच चमचे एकदम थांबले. डेल्मर उठून स्वतः माझ्या स्टुलापाशी आला. "सर, घासायची नाही. तेल नाही, फडकं नाही, फुंकरसुद्धा बेतानं. गंज हेच तिचं वय. घासलेली जुनी रायफल म्हणजे कलप लावलेला म्हातारा." यावर सगळ्यांनी ऑरिनच्या केसांकडे पाहिलं आणि ऑरिनने खिडकीबाहेर पाहिलं.

म्हणजे पेच असा: नंबर वाचल्याशिवाय ती जुनी ठरत नाही, घासल्याशिवाय नंबर वाचता येत नाही, आणि घासली की ती जुनी राहत नाही. भूमितीत याला आम्ही "प्रश्न चुकीचा आहे" म्हणतो आणि सगळ्यांना पूर्ण गुण देऊन टाकतो. आयुष्यात ती सोय नाही.

मी एका संग्रहालयाला फोन केला, जिथे म्हणे जुन्या रायफलींचं साल सांगतात. फोनवर एक गोड आवाजाची बाई होती.

"नंबर सांगा."

"नंबर दिसत नाही, म्हणूनच फोन केला."

"नंबर सांगितलात की साल सांगते."

"अहो, साल कळलं तर नंबराची गरजच काय?"

"मग साल तुम्हाला माहीत आहे का?"

"नाही."

"मग नंबर सांगा."

असा बराच वेळ गेला. शेवटी मी विचारलं, नंबर नसलेल्या रायफलचं काय करता. ती म्हणाली, तिची नोंद "अनोळखी" अशी होते, आणि माझं नाव काय. मी फोन ठेवला.

शेजाऱ्यांना कसं कळलं देव जाणे. डावीकडच्याने व्हिनेगरची बाटली कुंपणावरून दिली. उजवीकडच्याने सांगितलं की व्हिनेगर लावाल तर पस्तावाल, अर्धा बटाटा चोळा. पाद्रीबुवा म्हणाले, त्यांचे वडील बेकनची चरबी वापरत, आणि ते अठ्ठ्याण्णव वर्षं जगले. यातला संबंध मी विचारला नाही. पण खरा धोका घरातच होता. आर्डिसने आयुष्यात एकच वस्तू न घासता सोडली आहे, ती म्हणजे मी. तारेची जाळी हातात घेऊन ती बेडरूमच्या दाराशी उभी राहायची.

"एल्मर, चादरीवर लाल भुगा पडतोय."

"त्याला हात लावू नकोस! तिचं वय सांडतंय ते."

वय असं वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून मी तो भुगा ब्रशने गोळा करून जॅमच्या एका रिकाम्या बरणीत भरायला लागलो. पुढे कधी हिशेब द्यायची वेळ आली तर पुरावा असावा. बरणी मी स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. ही चूक झाली, हे मला त्या रविवारी चर्चच्या जेवणात कळलं. पाद्रीबुवांची बायको आर्डिसच्या ॲपल पायचा दुसरा तुकडा घेत म्हणाली, "यंदा दालचिनी कुठून आणलीस गं? चव कशी भारदस्त लागते." मी घरी येऊन पाहिलं. बरणी अर्धी झाली होती. डॉक्टरांनी मला साखर बंद केल्याबद्दल त्या दिवशी मी प्रथमच त्यांचे आभार मानले. मंडळींना काही झालं नाही. उलट त्या आठवड्यात पाद्रीबुवांचा चेहरा बराच तरतरीत दिसत होता.

शेवटी थडग्यांवरची अक्षरं उतरवून घेतात तसा मी गंजावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल फिरवली. काहीतरी उमटलं. तो कागद मी गोल टेबलावर नेला, उभ्यानेच. डेल्मरला त्यात सात दिसला, ऑरिनला एक. तिसऱ्याला घोडा दिसला. पुढचा आकडा तीन की आठ, यावर वांडाने दोनदा कॉफी भरली. तीन म्हणजे अर्धवट राहिलेला आठ, हे मी फळ्यावर समजवावं तसं समजवायला गेलो, तर डेल्मर म्हणाला, "सर, तुम्ही वस्तूच घेऊन या. शनिवारी, उजेडात बघू. अठ्ठ्याण्णवच्या आतली निघाली तर खुर्ची तुमची."

शनिवारी! मी होकार देऊन बसलो. एखाद्या खऱ्या मोंटानावाल्याने कॅलेंडर पाहिलं असतं. तो शनिवार शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस होता.

त्या दिवशी अख्खा जिल्हा उजाडायच्या आत वांडाकडे पॅनकेक खायला येतो. सगळे नारिंगी जाकिटांत. हॉटेल भोपळ्याच्या शेतासारखं दिसतं. वांडाचा कायदा कडक: गोळ्या खिशात, बंदुका दाराशी. दाराशेजारी लाकडी घडवंची आहे, तिच्यात लोक येता येता रायफली उभ्या करतात, छत्र्या ठेवाव्यात तशा. मीही माझी उभी केली. फक्त टेबलवाल्या पाचांना सूट. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते आपापल्या पुराणवस्तू मिरवायला आणतात आणि खुर्चीला टेकवून ठेवतात. पाचही माझ्या रायफलपेक्षा लाल.

मला बोलावणं येईपर्यंत गर्दी ओसरून गेली होती. मी घडवंचीपाशी गेलो, तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हाताला लागलेली एकमेव चौऱ्याण्णव उचलली आणि टेबलावर डेल्मरच्या हातात दिली. दिल्यावर माझ्या लक्षात आलं की हाताला भुगा लागलेला नाही. लाकडी दस्त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ही माझी नव्हतीच.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात डेल्मरने ती उलटी करून पोटाखाली भिंग धरलं. आकडे छापखान्यातून आल्यासारखे स्वच्छ. डेल्मरला सालांची कोष्टकं पाठ होती. पाढे कधी झाले नाहीत, पण ही झाली. तो पुटपुटला, थांबला, आणि उभा राहिला.

"अठराशे सत्त्याण्णव."

"पण कागदावर तर तीन की आठ..." ऑरिन म्हणाला.

"पेन्सिलचा दोष. सर, अभिनंदन!"

माझं तोंड उघडंच होतं. त्यांना वाटलं आनंदाने. कुणीतरी टोप्या उचलल्या. शेगडीची ऊब, खुर्चीला पाठ, पाठीला गादी. मी बसलो. म्हणजे, बसलो नाही, जरा टेकलो. कॉफी येऊ दे, मग सांगू, असा माझा प्रामाणिक विचार होता. कॉफी आली. मग म्हटलं, गरम आहे तोवर पिऊन घेऊ. डेल्मरने मला "सर" न म्हणता "एल्मर" म्हटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाऱ्याला माझा पत्ता लागला नाही.

आणि दार उघडलं.

आत आल्या थोरा बर्ग. वय अठ्ठ्याऐंशी, उंची पाच फुटांच्या आत, आणि गावात त्यांना "बाई" न म्हणायची हिंमत झालेला एकही पुरुष नाही. मागोमाग शिकार-खात्याचा गार्ड कोल्टर, तोही माझाच विद्यार्थी, दोन्ही हातांत एक रायफल आडवी धरून.

"ह्यात माझा काय दोष?" थोराबाई सगळ्या हॉटेलला विचारत होत्या. "ती माझी बंदूक असती तर डोक्यात लागली असती. ही मेली शेपटीला मारते!"

कोल्टर शरमेनं लाल झाला होता. झालं होतं ते असं: रस्त्यावरून बेकायदा शिकार करणाऱ्यांना पकडायला त्याने ओढ्याकाठी पेंढा भरलेलं एक हरीण उभं केलं होतं. झुडपात बसून बटण दाबलं की ते शेपूट हलवायचं. थोराबाईंनी पिकअप थांबवला, उतरल्या, आणि रस्त्यातूनच त्याची शेपूट उडवली.

"थोराबाई, कळलं नाही का तुम्हाला खोटं आहे ते?" वांडाने विचारलं.

"न कळायला काय झालं? शेपूट हलवतंय आणि कान हलवत नाही, असं हरीण पाहिलंयस कधी?"

"मग गोळी का झाडलीत?" कोल्टर कळवळून म्हणाला.

"खात्री करायला."

कोल्टरने हातातली रायफल वर केली. "बाई म्हणतात ही त्यांची नाही, इथे अदलाबदल झाली. सरकारी काम आहे, मला मालक पाहिजे. कुणाची आहे ही?"

मी पाहिलं. रायफल तीच, पण मी तिला ओळखलं ते फक्त दस्त्यावरच्या भेगेवरून. कारण तिच्या पोटाखालचा गंज गेला होता. तिथे लोखंड नव्या चमच्यासारखं चमकत होतं.

माझ्या एका बाजूला शेगडी होती, हातात कॉफी होती. गप्प बसलो असतो तर ती रायफल सरकारजमा झाली असती आणि खुर्ची माझी. संग्रहालयाच्या त्या बाईचा शब्दच आठवला: अनोळखी. पण माणूस जन्मभर "सिद्ध करून दाखवा" म्हणत फिरला की त्याची वाईट सवय जडते.

"माझी," मी म्हणालो आणि उभा राहिलो.

डेल्मरने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रायफलकडे. "मग ही?"

"ती माझी," थोराबाई म्हणाल्या. "हात काढ."

"पण कोल्टर, गंज कुठे गेला?" ऑरिनने विचारलं.

"नंबर हवाच ना," कोल्टर म्हणाला. त्याने खिशातून गाडीच्या बॅटरीची टोकं घासायचा तारेचा ब्रश काढून दाखवला. "दोन मिनिटं लागली."

त्याने नंबर वाचला. डेल्मरने डोळे मिटून हिशेब केला आणि मेलेल्या घोड्याची बातमी द्यावी तसं म्हणाला, "एकोणीसशे सव्वीस."

"म्हणजे नुसती बंदूक," ऑरिन म्हणाला.

डेल्मरने आपली टोपी उचलली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. "माफ करा हं, सर." मी पुन्हा "सर" झालो होतो. काउंटरकडे वळलो तर स्टूलही कुणीतरी घेतलेलं.

"सत्त्याण्णव म्हणत होतास ना रे माझी?" थोराबाईंनी विचारलं.

"हो, बाई. अस्सल. पण इतकी स्वच्छ कशी राहिली?"

"राहिली कशी म्हणजे? दर मोसमाआधी रॉकेल लावून खसाखसा घासते. बंदूक आहे ती, थडगं नाही." आणि त्या सरळ सहाव्या खुर्चीत बसल्या.

"बाई, टोपी..."

"असू दे, टोचत नाहीये मला." त्यांनी डेल्मरच्या खुर्चीला टेकलेल्या लाल रायफलकडे बोट केलं. "तुझी कितीची?"

"त्र्याण्णवची."

"नंबर वाचलायस?"

"वाचायची गरज नाही. गंजावरून कळतं."

"आणि तुझी, ऑरिन?"

"गंजावरूनच," ऑरिन पुटपुटला. बाकीच्या तिघांनी न विचारताच माना हलवल्या.

"बरं," थोराबाई म्हणाल्या. "कोल्टर, तो ब्रश आण बघू इकडे."

कोल्टर भाबडा मुलगा. लगेच पुढे झाला. "दोनच मिनिटं लागतात, डेल्मरकाका."

पाच हात एकदम पाच रायफलींवर गेले. डॉक्टरने सुई काढली की आया मुलांना धरतात, तसे. वांडा कॉफी ओतता ओतता थांबली. डेल्मरच्या कपाळावर घाम आला, आणि तो माझ्याकडे पाहायला लागला. तो चेहरा मी ओळखला. गृहपाठ न केलेला मुलगा आणि मी ओळीतून वह्या तपासत त्याच्या बाकाकडे येतोय, तेव्हाचा तो चेहरा. इतक्या वर्षांत मी त्या बाकापाशी एकदाही न थांबता पुढे गेलो नव्हतो.

माझी पाठ दुखत होती. दार कुणीतरी उघडं ठेवलं होतं.

"कोल्टर," मी म्हणालो, "ब्रश गाडीत ठेवून ये. जुन्या वस्तू आहेत. उगाच चरे पडायचे."

कोल्टरने ब्रश खिशात घातला. डेल्मरने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागदी रुमाल उडाले.

"वांडा," तो म्हणाला, "आतून एक खुर्ची आण गं. सर केव्हाचे उभे आहेत."

खुर्ची आली. ऑरिन रायफल मांडीवर घेऊन सरकला आणि शेगडीकडची बाजू मला करून दिली. सगळ्यांनी कॉफी घेतली. हसत होत्या त्या एकट्या थोराबाई. खुर्चीचा एक पाय आखूड आहे आणि ती जरा डुगडुगते. पण मी अजून कुणाला बोललो नाही. त्या टेबलावर खाली वाकून बघायची पद्धत नाही.